चुकीला पेढे

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही माझं फडताळ पाहिलंत आणि दोघंही हसलात. एका बरणीवर ‘हळद – घरची’, दुसरीवर ‘हळद – आष्टा’. “आजी, हळदीच्या दोन बरण्या कशाला?” मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर सांगायला लागले असते तर तुमची सोमवारची शाळेची बस चुकली असती.

लेबलांबद्दल मला काही सांगायचं नाही. जिने आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तिच्या घरात बिनलेबलाची बरणी सापडणार नाही. पण दोन बरण्या का, हे कळायला आमच्या वरच्या मजल्यावर पूर्वी राहणारे सर तुम्हाला माहीत असायला हवेत. तुमचं मराठी वाचन सावकाश चालतं, म्हणून वाक्यं लहान ठेवते. अडलं तर आईला विचारा.

सर आमच्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आमच्या वरच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. निरोप समारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळालं. शाल त्यांनी खुर्चीवर टाकली, घड्याळ कपाटात ठेवलं आणि नारळ मात्र रोज कानाशी हलवून ऐकायला लागले. काही महिन्यांनी आतलं पाणी वाजेनासं झालं. नारळाला भोक नाही, मग पाणी गेलं कुठे? यावर त्यांनी मराठीत एक लेख लिहिला आणि इंटरनेटवर टाकला. असा त्यांचा ब्लॉग सुरू झाला.

पुढे दर गुरुवारी लेख. दुधावर साय का धरते, तापल्या इस्त्रीवर पाण्याचा थेंब का नाचतो, डोंगरावर भात का शिजत नाही. लिहिण्यापूर्वी प्रत्येक गोष्ट स्वतः करून पाहायची. दुसरे लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे थर्मामीटर ठेवायचे. एका मुंजीत जेवणाआधी ते आचाऱ्यांच्या मांडवात शिरले आणि जिलबीच्या पाकात थर्मामीटर धरून उभे राहिले. आचारी शांतपणे म्हणाला, “सर, पाकाला ताप न्हाई आल्याला. चांगला हाय त्यो.” सरांनी तो किस्सा लेखात जसाच्या तसा घातला.

लेख टाकण्यापूर्वी ते मला वाचायला द्यायचे. माझं काम शुद्धलेखन आणि स्वल्पविराम. शास्त्र मला कळत नाही आणि ते तसं मला सांगतही असत. “बाई, तुम्हाला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं,” असं म्हणायचे. हे कौतुक आहे की काय, ते मी कधी विचारलं नाही.

लेख गेला की दिवसभर बेचैन. अभिप्राय संध्याकाळी फिरून आल्याशिवाय बघायचे नाहीत, हा नियम. तरी दुपारी दोनदा जिन्यावरून खाली येऊन विचारायचे, “तुमच्या फोनवर दिसतंय का काही? मला सांगू नका. फक्त आहे की नाही एवढंच.” एक वाचक दर वेळी फक्त ‘छान’ लिहायचा. सरांनी त्याला एकदा उत्तर दिलं, ‘सप्रेम नमस्कार. नेमकं काय छान?’ तो गृहस्थ पुन्हा फिरकला नाही. सरांना महिनाभर चुकल्यासारखं वाटलं.

सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी फिरायला जाणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. तिथे कुणी ‘तांब्याच्या तांब्यातलं पाणी प्या, शंभर वर्षं जगा’ असं टाकलं की सर विचारायचे, “कुणी मोजलं?” तीनदा त्यांना ग्रुपमधून काढलं. तिन्ही वेळा ते दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्या वेळी कट्ट्यावर हजर. काढणारेच विचारायचे, “काय सर, चालायचं ना?” आणि सगळे बरोबर चालायचे. फोनमध्ये जे भांडण असतं ते पायांना माहीत नसतं, असं सर म्हणायचे.

आता पेढ्यांचं. साताऱ्याचे कंदी पेढे तुम्ही खाल्लेत. सरांनी ब्लॉगवर पहिल्याच महिन्यात जाहीर केलं होतं की, जो कुणी लेखातली चूक काढेल त्याला पाव किलो कंदी पेढे. साताऱ्यातल्याला हातोहात, बाहेरच्याला पार्सलने. आणि चूक लपवून दुरुस्त करायची नाही. लेखाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात ‘मी चुकलो’ असं लिहायचं. पेठेतला मिठाईवाला त्यांना दुरून येताना पाहूनच विचारायचा, “या सर, आज काय चुकलं?” सरही दुकानात उभे राहून सगळं समजावून सांगायचे. लोक पास झाल्यावर पेढे वाटतात, आमचे सर नापास झाल्यावर वाटायचे.

ब्लॉगच्या पहिल्या पानावर ‘माझ्याविषयी’ म्हणून एक मजकूर होता. तो मला फार आवडायचा. त्यात त्यांनी लिहिलं होतं: ‘मी पाच वर्षांचा असताना आमच्या विहिरीवर मोट चालत असे. एका सकाळी समोर कोवळा सूर्य होता. मोट रिकामी झाली, थारोळ्यात पाणी आदळलं, तुषार उडाले आणि त्या तुषारांत मला सात रंग दिसले. त्या दिवशी मला पहिला प्रश्न पडला. अजून मी त्याच प्रश्नाच्या मागे आहे.’ मोट म्हणजे बैलांनी ओढायचं चामड्याचं भलं मोठं भांडं, आणि थारोळं म्हणजे तिचं पाणी जिथे पडायचं तो दगडी खळगा. या मजकुरावर पुष्कळांनी लिहिलं होतं. वाचून डोळ्यांत पाणी आलं, असंही काहींनी लिहिलं होतं. मी त्यातला एक अनुस्वार दुरुस्त केला होता.

सरांना जवळचं माणूस एकच, त्यांची थोरली बहीण. सगळे तिला आक्का म्हणत. आई लवकर गेली. आक्काने चौथीतून शाळा सोडली आणि या भावाला कडेवर घेऊन वाढवलं. पुढे तिचं लग्न आष्ट्याला झालं. नवरा गेल्यावर तिने तिथे हळद-मिरचीचं कांडप काढलं. लोकांचं दळून द्यायचं, आणि स्वतः हळकुंड घेऊन पूडही विकायची. दोन वर्षांपूर्वी तिने पाटल्या मोडून नवी चक्की बसवली. अशी बारीक पूड पंचक्रोशीत कुणी देत नव्हतं. दर रविवारी ती सरांना फोन करायची. सर तो नेहमी टेबलावर ठेवून स्पीकरवर घ्यायचे, कारण बोलताना त्यांना दोन्ही हात लागत. त्यामुळे खाली माझ्या ओसरीवर सगळं ऐकू यायचं. आक्काचा आवाज असा की स्पीकर नसता तरी आला असता.

गेल्या उन्हाळ्यात सरांनी हळदीवर लेख लिहिला. भेसळ ओळखायची घरगुती परीक्षा: ग्लासभर कोमट पाणी घ्या, वर चिमूटभर हळद सोडा, ढवळू नका. खरी हळद तळाला बसते आणि पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. रंग मिसळलेला असेल तर पाणी पिवळं होतं. ही परीक्षा इकडे तिकडे फिरतच होती. सरांनी आपल्या रिवाजाप्रमाणे ती करून पाहिली. खरी हळद हवी म्हणून माझ्या फडताळातून चमचाभर घेऊन गेले. खोटी त्यांनी स्वतः रंग घालून बनवली. परीक्षा उतरली. लेख गेला आणि पहिल्यांदाच त्यांचं लिखाण वाऱ्यासारखं पसरलं. कुणीतरी त्यावर ‘हळद तपासा, कुटुंब वाचवा’ असं लाल अक्षरात लिहून पुढे पाठवलं. ज्या ग्रुपने तीनदा काढलं होतं त्यानेच सरांना स्वतःहून परत घेतलं. आठवडाभर सर फार खुशीत होते. जिन्यावर शीळ घालायचे.

मग एका रविवारी आक्काचा फोन आला. मी ओसरीवर शेंगा सोलत होते.

“आरं, हाइस न्हवं?”

“हाय की आक्का. बोल.”

“कांडप बंद केलं बग.”

“का गं? बरं न्हाई का?”

“मला काय धाड भरलीया? हळद खोटी निगाली. तुजी ती गिलासाची परीक्षा न्हाई का, बाया घरात करून बगाय लागल्या. आन् पिवळं पानी घिऊन माज्या दारात! म्हनलं, बगू तरी. म्या बी केली. पिवळंच. लय येळ ठिवलं तरी पिवळंच.”

“आसं कसं?”

“आसं कसं काय? फसली मी. इतकी वर्सं ज्याच्याकडनं हळकुंड घेतलं, त्यानंच फसवलं. त्याला दारातनं हाकलला परवा. रडकुंडीला आला हुता मुडदा, म्हनतोय आक्का, पोराची आन. म्हनलं, माज्या भावाची परीक्षा खोटी आन् तुजी आन खरी व्हय? आन् चक्की बी देऊन टाकती. एक जन बगून गेलाय, फुडल्या सोमवारी न्याय येनार हाय.”

 सर म्हणाले, “आक्का, तुजी काय चूक त्यात? फसवनारा कुनालाबी फसवतो.”

“व्हय. तू लिवलंस म्हनून कळलं तरी. न्हाईतर बसली असती लोकांस्नी इख चारत. लय चांगलं केलंस बाबा.”

फोन बंद झाला. शेंगा सोलता सोलता माझा हात थांबला. कारण माझ्या फडताळात आक्काच्या चक्कीची हळद होती.

त्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने आपल्या शेतातली हळकुंडं मला पोतंभर पाठवली होती. अर्धी मी घरी मिक्सरवर दळली. अर्ध्यावर मिक्सरमधून जळका वास यायला लागला, म्हणून उरलेली सरांबरोबर आष्ट्याला पाठवून आक्काकडून दळून आणली. दोन बरण्या, दोन लेबलं. सरांनी परीक्षेसाठी नेली होती ती पुढची, ‘घरची’. ‘आष्टा’ मागे होती.

मी उठले. दोन सारखे ग्लास घेतले, सारखं पाणी घातलं आणि दोन्ही बरण्यांतली चिमूटचिमूट हळद सोडली. एका ग्लासात हळद खाली जाऊन बसली. दुसरं पाणी पिवळं झालं आणि पिवळंच राहिलं. एकाच पोत्यातली हळकुंडं. एकाच शेतातली. मी जिन्याखाली उभी राहून हाक मारली, “सर, जरा खाली येता का? आत्ता.”

सर आले, वाकले, ग्लासांकडे पाहिलं.

“ही दुसरी कुठली?”

“तुमच्या आक्कांच्या चक्कीची. पोतं एकच.”

त्यांनी दोन्ही बरण्यांतली पूड दोन बोटांत चोळून पाहिली. एक रवाळ लागत होती, दुसरी अंगाला लावायच्या पावडरीसारखी. मग ते माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले.

“बाई, आमच्या प्रयोगशाळेत ग्लिसरीनची उंच नळी होती. त्यात पोलादी गोळ्या सोडायच्या. मोठी गोळी झपकन तळाला जाते, लहान गोळी सावकाश. जेवढी बारीक, तेवढी सावकाश. तोंडी परीक्षेत दर वर्षी मी हा प्रश्न विचारायचो. ज्याला येत नसे त्याचे मार्क कापायचो.” त्यांनी पिवळ्या ग्लासाला बोट लावलं. “आक्काची हळद खोटी नाही. बारीक आहे. तिच्यासारखी दळायला कुणाला जमत नाही, म्हणून ती बसत नाही. आणि मी एका बरणीवरून सगळ्या मुलखाची हळद ठरवली.”

“मग फोन करा ना त्यांना. पुढचा सोमवार म्हणजे उद्याच ना?”

“उद्याचा नाही, त्याच्या पुढचा. पण फोन नको. तिला वाटेल, तिला बरं वाटावं म्हणून मी पलटतोय. माझा शब्द तिने एकदा ऐकला, त्याचं हे झालं. आता शब्द नको. हे दोन ग्लास तिच्यासमोर ठेवले पाहिजेत.”

त्याच संध्याकाळी लेखाच्या डोक्यावर ‘मी चुकलो’ चढलं. इतकी मोठी अक्षरं त्यांनी पूर्वी कधी वापरली नव्हती. सकाळी आम्ही एस.टी.ने निघालो. मी गेले, कारण बरण्या माझ्या होत्या. वाटेत पेढे घेतले. मिठाईवाल्याने नेहमीसारखं विचारलं, “आज काय चुकलं, सर?” सर पहिल्यांदाच काही समजावून न सांगता म्हणाले, “मोठं आहे. एक किलो द्या.”

आष्ट्याला आक्काच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंती, तुळया, विजेची तार, सगळं पिवळं. नवी चक्की जुन्या चादरीखाली झाकलेली. आक्का चक्कीशेजारी पोत्यावर बसली होती. लहानखुरी बाई, पांढरं लुगडं तेही कडेने पिवळं झालेलं.

“आगं बया, बाईबी आल्या व्हय! आन् रं, तू न सांगता? कोन मेलं?”

“कोन न्हाई. आक्का, दोन गिलास दे.”

सरांनी काही न सांगता दोन्ही ग्लासांत हळद सोडली. मी फक्त एवढंच सांगितलं की, हळकुंड एकाच पोत्यातलं आहे. एक माझ्या मिक्सरवरचं, एक तुमच्या चक्कीवरचं. आक्का गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि बघत राहिली. एकातलं पाणी निवळलं, दुसरं पिवळंच राहिलं, तसं तिचं तोंड बदलत गेलं.

“मंजी माजी हळद खरी?”

“व्हय, आक्का.”

“आन् त्यो हळकुंडवाला?”

“त्योबी खरा.”

“मग खोटं काय हुतं?”

“माजं लिवनं.”

आक्का सरळ झाली. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. झालंही थोडंसं. “एवढी बुकं वाचलीस, चष्म्याचा नंबर वाढवून घेतलास, आन् तुला चिमूटभर हळद कळंना? आन् मी खुळी! माज्या हातानं दळल्याली हळद, माज्या नाकाला तिचा वास ठावं. तरी म्या म्हनलं, भाऊ लिवतोय मंजी आपलंच नाक खोटं.”

सरांनी पेढ्यांचा पुडा तिच्यापुढे धरला. “आक्का, ह्ये घे. माज्या नेमानं. चूक निगाली की द्यायचं.”

तिने हात मागे घेतला. “ते माजं न्हवंत. चूक ह्या बाईंनी काडली. म्या कुटं काडली? म्या तर तुजंच खरं धरलं.”

सर पुडा धरून तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या पेढ्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं.

“आन् उबा काय ऱ्हायलास?” आक्का म्हणाली. “त्या हळकुंडवाल्याच्या घरला घिऊन जा ते. पाय धर त्याचं. म्या बी येती मागनं. म्या बी लय बोलली हाय त्याला.” आणि जाता जाता तिने चक्कीवरची चादर ओढून काढली. पुढच्या सोमवारी चक्की न्यायला आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं, असं नंतर कळलं.

पण एवढ्याने भागलं नाही. पहिला लेख जितका पसरला होता त्याच्या शंभराव्या हिश्शानेही ‘मी चुकलो’ पसरला नाही. चूक कबूल केलेली गोष्ट कुणी पुढे पाठवत नाही. बाया अजून आक्काच्या दारावरून पुढे जात होत्या. तेव्हा सरांनी ठरवलं की, फोनमधून जी गोष्ट गेली ती परत आणायला आपणच जायचं. दर बाजारच्या दिवशी ते साताऱ्याहून आष्ट्याला जायचे आणि कांडपाच्या दारात दोन ग्लास मांडून बसायचे. येईल त्या बाईला जाड आणि बारीक पूड दाखवायचे. आक्का आतून ओरडायची, “ह्यो माजा भाऊ. ह्यानंच घाण केल्ती. आता निस्तरतोय. बगा बया, फुकाट हाय!” बायकांना त्यात शास्त्रापेक्षा भावाची फजिती जास्त आवडायची. हळूहळू गिऱ्हाईक परत आलं. हळकुंडवालाही आला.

बाजारच्या एका दिवसाचे आठवड्यातले दोन दिवस झाले, मग चार. शेवटी दिवाळीनंतर सर आष्ट्यालाच राहायला गेले. जाताना थर्मामीटर विसरले, आणि ते घ्यायला परत आले. वरच्या खोल्या तेव्हापासून रिकाम्या आहेत. तुम्ही सुटीत याल तेव्हा तिथे झोपायचं आहे, आणि हे दोन ग्लास मी तुम्हाला करून दाखवणार आहे. बरण्या त्यासाठी ठेवल्यात.

माझं शुद्धलेखनाचं कामही गेलं. आक्काने सरांना बजावलं, “हितनं फुडं तुजं काय छापायच्या आदी मला वाचून दावायचं.” चक्की थांबली की सर मोठ्याने वाचतात आणि ती ऐकते. मध्येच म्हणते, “थांब. ह्ये तुला कुनी सांगितलं?” सर सांगतात की, लेख पूर्वीपेक्षा निम्म्या वेगाने होतात.

परवा दुपारी फोन वाजला. सरांचा नंबर, आवाज आक्काचा.

“आवं बाई, पेढं खाल्लं म्या आज!”

“का हो आक्का, काय विशेष?”

“ह्येची चूक काडली. चांगली ढळढळीत. त्ये पयलं पान न्हाई का ह्येचं, हिरीवरचं, मोटंच्या पान्यात रंग बगितल्यालं? आज वाचून दाखवलं मला. सगळं खोटं! ह्यो हिरीवर न्हवताच. गोवर निगाला हुता ह्येला, घरात पडून रडत हुता. ते रंग म्या बगितलं! मी पळत आली आन् ह्येला सांगितलं, रडायचा थांबावा म्हनून. आन् ह्यो लिवतोय, मला दिसलं!”

मागून सरांचा आवाज आला. “बाई, मी पडताळून पाहिलं. आक्काचंच बरोबर आहे. माझ्या आठवणीत सूर्य समोर आहे.”

“मग?”

“समोर सूर्य असताना इंद्रधनुष्य दिसत नाही. तो पाठीशी असावा लागतो. इतकी वर्षं ते पान तिथे आहे. हजार लोकांनी वाचलं, तुम्ही वाचलंत, मी रोज बघतो. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी ते पाहिलंच नव्हतं, म्हणून सूर्य चुकीच्या जागी ठेवला.”

मी कॉम्प्युटर उघडून पाहिलं. पान बदललं होतं. वर मोठ्या अक्षरात ‘मी चुकलो’. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या विहिरीवरचं इंद्रधनुष्य माझ्या बहिणीनं पाहिलं. मला तिनं सांगितलं.’ अनुस्वार सगळे जागेवर होते.

फोन अजून चालूच होता. तिकडे चक्की सुरू झाल्याचा आवाज आला, आणि त्याच्याही वर आक्काचा.

“आनि येक दे रं. मोटी चूक हाय.”